खांदेकऱ्याचं फडकं

आमचा मामा माणसाचं तोंड बघत नसे, खांदे बघत असे. नवा माणूस समोर आला की मामाची नजर गळ्याखाली उतरायची, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची आणि परत यायची. बैल घ्यायला आलेला माणूस बघतो तसं. मग तो मान हलवायचा किंवा हलवायचा नाही, आणि त्या माणसाचा निकाल लागायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडे सगळी वडीलधारी मंडळी गेली होती. कुणी शिक्षण विचारलं, कुणी महाडातली जागा स्वतःची की भाड्याची ते विचारलं. मामानं काहीच विचारलं नाही. चहा संपल्यावर कप खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "खांदं उतरतं हायत. पन नोकरी बरी हाय. द्या." आमचे हे ते अजून विसरलेले नाहीत, आणि आरशासमोर उभे राहिले की अजूनही खांदे ताठ करतात.

या खुळाला कारण होतं. पोलादपूरहून उमरठकडे जाताना मधेच डांबरी रस्ता सोडून वर चढलं की मामाची वाडी लागते. तिथे शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते तेव्हा पुढच्या दांड्याला पहिला खांदा मामाच्या घरचा. हा मान त्याच्या आजाला कुणी दिला आणि का दिला हे मामाला कधी धड सांगता आलं नाही. दर वेळी वेगळं सांगायचा, आणि दर वेळी तितक्याच ठामपणे. पण पालखी उचलायची ती त्यानेच, आणि वर्षातले उरलेले दिवस पुढच्या शिमग्याची वाट बघायची, एवढाच त्याचा उद्योग. भात मामी लावायची, गुरं मामी बघायची, गॅसची टाकी रस्त्यापासून घरापर्यंत मामी आणायची. तेव्हा खांदेकरी ओटीवर बसलेला असायचा. डाव्या खांद्यावर दांड्याचा घट्टा होता, तो सदऱ्याची बटणं काढून पाहुण्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, "तोंड फसवतं. खांदा फसवत नाय." पाहुणा नवा असेल तर भारावून जायचा.

आणि मामानं जन्मात कधी काही पुसलं नाही. जेवला की ताटातच हात धुवून उठायचा. पाणी सांडलं तर त्याला वळसा घालून जायचा, पुन्हा सांगायचाही, की इथे पाणी सांडलंय. एकदा मी, शाळकरी होते तेव्हा, फडकं त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन बोटांत धरलं, मामीला हाक मारली आणि तिच्या हातात सोपवलं. मग मला समजावून सांगितलं, "उचलनं बाप्यांचं, पुसनं बायकांचं." मामी तेव्हा पाण्याचा हंडा उचलून आणत होती. तो खाली ठेवून तिने ओटी पुसली.

मला तो आवडत नसे असं मात्र म्हणता येणार नाही, आणि त्याचाच मला राग येतो. मी पाच वर्षांची असेन, आजोळी गेले होते आणि तापानं फणफणले. पावसाचे दिवस, ओढ्याला पाणी, वर गाडी येत नव्हती. मामानं मला खांद्यावर घातलं आणि पोलादपूरच्या दवाखान्यापर्यंत पायी आणलं. एवढं खरं आहे. पण ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली की ओढ्याला दर वर्षी पूर चढत गेला. आधी पाणी गुडघाभर होतं, माझी दहावी झाली तोवर ते छातीला लागलं, आणि माझ्या सासऱ्यांना सांगताना मामा चक्क पोहत होता, मी खांद्यावर असताना. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं, की त्याच्या सदऱ्याला तंबाखूचा वास येत होता आणि मला भीती वाटत नव्हती.

असा हा माणूस गणपती गेल्यानंतरच्या एका सकाळी ओटीवरून उठायला गेला आणि डाव्या अंगावर कोसळला. अंगावरून वारं गेलं. वाडीने आपल्या पद्धतीने उपचार सुरू केले, म्हणजे लुळ्या अंगाला कबुतराचं रक्त चोळायचं म्हणून कबुतर पकडायला माणसं धाडली. मामीने कबुतराची वाट बघितली नाही, गाडी बोलावली आणि त्याला खाली आणलं. जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, ही देवीची कृपा की आमची परीक्षा ते मला ठरवता आलेलं नाही. पाय काही दिवसांनी ओढत ओढत चालायला लागला. हात मात्र लुळा राहिला आणि खांदा दुखायला लागला. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई महाडात, वाडी डोंगरात, मामीच्या मागे कापणी. मामाला मूलबाळ नाही. तो माझ्याकडे आला. मी शाळेतून रजा मागितली तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, मामा का, सख्खे का. मी म्हटलं, हो, दुर्दैवाने.

आमच्या भागात आजारी माणसाला बघायला जाताना कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि वारं गेलेल्या माणसाकडून कुणी त्याचा हात वर करून बघितल्याशिवाय परतत नाही. ही रीतच आहे. वाडीतून माणसं यायची, टॉमेटो, काकडी, नाचणीचं पीठ काय असेल ते ठेवायची, ख्यालीखुशाली विचारायची आणि मग जवळ सरकायची. "बघू, किती जातो वर." मनगट धरायचं आणि हात छताकडे न्यायचा. मामाचं तोंड वाकडं व्हायचं, कपाळावर घाम यायचा. त्यावर पाहुणा खूश. "कळ हाय, म्हंजे जीव हाय." मग चहा पिऊन तो दुपारच्या एसटीला जायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं दुसरा यायचा, तो पहिल्यापेक्षा थोडा अधिक वर न्यायचा, कारण वाडीत जाऊन सांगायला हवं. मी अडवलं तर मामा माझ्यावरच डोळे वटारायचा. हात पुढे करून तोच म्हणायचा, बघ, ओढून बघ. लोक आपल्या खांद्याला हात लावतायत याचा त्याला त्याही स्थितीत अभिमान होता.

फिजिओच्या बाई तरुण होत्या, अंगाने बारीक, आवाज कधी चढवत नसत. मामानं त्यांचे खांदे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली नाही. त्यांनी त्याच्या डाव्या खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर ते आत गेलं. मला बोलावून दाखवलं. म्हणाल्या, हाताचं हाड खोबणीतून बोटभर खाली उतरलं आहे. त्याला वर धरून ठेवणारे स्नायू लुळे पडलेत, त्यामुळे हाताचं सगळं वजन खांद्याला लोंबतं. अशात कुणी मनगट धरून हात वर ओढला की आतल्या नाजूक गोष्टी चिरडतात, आणि म्हणून दुखतं. यापुढे हाताला कुणीही धरायचं नाही. बसताना मांडीवर उशी, झोपताना हाताखाली उशी, उठवताना पाठीला आधार. मामा हे सगळं ऐकत होता आणि खिडकीतून बाहेर बघत होता. मग बाईंनी विचारलं, घरात जेवणाचं टेबल आहे का?

आमचं टेबल पुरात बुडालेलं. मधोमध प्लाय फुगून उंचवटा आलाय. बदललं नाही, कारण त्या वर्षी महाडात ज्याचं जे उरलं ते त्याने ठेवून घेतलं. बाईंनी मामाला त्या टेबलाशी खुर्चीत बसवलं, खांदा गरम पाण्याच्या पिशवीनं शेकला, टेबलावर एक जुना नॅपकिन पसरला, त्यावर मामाचा डावा पंजा ठेवला आणि डाव्यावर उजवा. "आता कमरेतून पुढे वाका. हात ओढायचा नाही. अंग पुढे गेलं की हात आपोआप सरकतो. कोपर सरळ, खांदा पुढे, दुखेल तिथे थांबायचं आणि परत यायचं." मामानं नॅपकिनकडे बघितलं, मग बाईंकडे.

"म्हंजे टेबल पुसू?"

बाई म्हणाल्या, हो, तसंच समजा. दिसतं सोपं, पण यानेच सांधा मोकळा राहतो. मामा उठायला गेला. उठता येईना म्हणून बसला. बाई गेल्यावर त्याने उजव्या हाताने नॅपकिन उचलून माझ्या अंगावर टाकला आणि जाहीर केलं की देवीच्या खांदेकऱ्याला मोलकरणीची कामं शिकवायला सरकारने हल्ली पोरी नेमल्यात. बाईंचं नाव त्याने त्याच दिवशी "फडकंवाली" ठेवलं. पुढे त्या यायच्या तेव्हा तो त्यांच्यासमोर टेबल पुसायचा, म्हणजे नॅपकिन जेमतेम ताटाएवढ्या जागेत हलवायचा, आणि त्या गेल्या की हात मांडीवर घेऊन वाडीच्या पाहुण्यांची वाट बघायचा. मी पाहुणे दारातून परतवायला सुरुवात केली. वाडीत माझी बदनामी झाली, महाडला राहून भाची बिघडली म्हणून. मला बरं वाटलं.

दिवाळीला मामीनं निरोप पाठवला, चार दिवस घरी आणून सोड. मी सोडलं आणि तिथेच चूक झाली. चूक माझी नव्हे. पालखीच्या खांदेकऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. नव्या माणसाचा खांदा पहिल्या दिवशी सोलवटून निघतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच दुखऱ्या खांद्याला दांडा देतात. म्हणतात, दांड्यानं दुखलं ते दांड्यानंच बरं होतं. आणि होतंही, कारण तो धडधाकट माणसाचा खांदा असतो. मामानं हा ठोकताळा आपल्या लुळ्या खांद्याला लावला. "उतरला कशानं? वजन नाय पडलं म्हनून उतरला. दांडा ठेवा, बसंल जाग्यावर." आणि वाडीतल्या चांगल्या जाणत्या पुरुषांनी, ज्यांत एक निवृत्त तलाठी होता, माना डोलावल्या. पालखी खेळायच्या सरावाचा जुना बांबू आणला. मामाला अंगणात उभं केलं. दोघांनी मागचं टोक धरलं आणि पुढचं टोक हळूच त्याच्या डाव्या खांद्यावर सोडलं.

मामा असा ओरडला म्हणे की गोठ्यात गुरं उठून उभी राहिली. मी तेव्हा महाडला होते, मला हे मामीनं सांगितलं. तिने आणखी एक सांगितलं, की बांबू धरणारे दोघं पळून गेले आणि तलाठी चपला विसरून गेला. मामीनं तो बांबू फोडला आणि आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला.

परत आला तो वेगळाच माणूस. हात पंजापर्यंत सुजलेला, खांद्याला वारा लागला तरी कळ यायची. सदरा घालायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी. बाईंनी तपासलं आणि त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, सुरुवात केली होती त्याच्या मागे आलोय आपण. हे मला चिडण्यापेक्षा वाईट वाटलं. मला मात्र चिडता येत होतं आणि मी चिडले. दुपारी त्याला भात वाढताना मी त्याला सुनावलं, की तुझ्याएवढा मूर्ख माणूस तालुक्यात नाही, आणि तुझ्या वाडीत तुझ्याखालोखालचे सगळे आहेत. मग त्याने घास गिळला आणि म्हणाला,

"गो, शिमग्याला खांदा नाय लागला तर मी कोन?"

त्या माणसाकडून तो मान काढून घेतला तर खरोखरच ओटीवर बसलेला एक म्हातारा उरत होता. वसंत वाट बघत होता. हा मामाचा चुलत पुतण्या, मुंबईला कुरिअरच्या कंपनीत, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. मामाच्या मते त्याचे खांदे म्हणजे कौलाची उतरण, वर थेंब ठेवला तर खाली ओघळेल. पण मामाच्या घरात दुसरा पुरुष नव्हता आणि या शिमग्याला मामा उभा राहिला नाही तर पहिला खांदा वसंताचा. मान एकदा गेला की परत येत नाही, वाडीत सगळ्यांना ते पाठ असतं. तुझ्याजवळ एवढंच आहे का रे, असं मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्याच्याजवळ एवढंच होतं.

"आधी टेबल पूस," मी म्हटलं.

आणि त्याने पुसलं. सूज उतरेपर्यंत बाईंनी नुसतं शेकणं आणि उशी ठेवली, मग पुन्हा नॅपकिन आणला. सकाळी मी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर मामा टेबलाशी बसायचा. पहिल्यांदा नॅपकिन वीतभर जायचा आणि मामा आईचं नाव घ्यायचा. मग अर्ध्या टेबलापर्यंत, त्या फुगलेल्या उंचवट्यापर्यंत जायला लागला. तिथे नॅपकिन अडायचा आणि मामा प्लायला शिव्या द्यायचा. खिडकीचा पडदा ओढून घेतल्याशिवाय हे काम सुरू होत नसे. चुकून कुणी दारात आलं तर नॅपकिन खाली टाकून मला ओरडायचा, "टेबल नीट पुसत जा गो, चिकाट हाय." एकदा दूधवाल्यासमोर असं म्हणाला. मी दूधवाल्याला सांगितलं की हल्ली टेबल मामाच पुसतात, छान पुसतात. मामा माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही. मला तो दिवस फार शांततेत गेला.

थंडी संपता संपता नॅपकिन उंचवट्यावरून पलीकडे गेला. मी भाजी निवडत समोर बसले होते, मामाची बोटं माझ्या ताटाला लागली आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दुखणं आता बरंच कमी झालं होतं. डाव्या कुशीवर नाही, पण सरळ झोपायला लागला. सदरा स्वतः घालायचा, आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, बाईंनी शिकवलं तसं. बाई खूश होत्या. मी त्यांना त्या दिवशी पोहे केले. तेव्हा मामानं विचारलं, तर मग शिमग्याला पालखी उचलायला हरकत नाय.

बाईंनी चमचा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, काका, पालखी नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. हा खांदा आता दुखत नाही, पण ओझं घेणार नाही. उजव्यावरही नको, कारण पाय ओढतो, तुम्ही पडलात तर पालखी तुमच्यावर पडेल.

"मंग पुसलं कशाला येवढं?"

"सदरा घालता यावा म्हणून. झोप लागावी म्हणून," बाई म्हणाल्या.

मामानं त्यांच्याकडे असं बघितलं की मला त्याचीच लाज वाटली. झोप आणि सदरा. सगळा हिवाळा बायकांचं काम करून मिळालं काय, तर झोप आणि सदरा. तो उठला, पाय ओढत आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. बाईंनी पोहे संपवले, मला म्हणाल्या, उद्यापासून पुसणं सोडू देऊ नका, सांधा पुन्हा धरेल. मला वाटलं होतं तो सोडणार. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पडदा ओढलेला, आणि आतून नॅपकिन सरकल्याचा आवाज येत होता.

शिमग्याला मी त्याला वाडीला नेलं. निघताना त्याने नॅपकिन मागितला. मी म्हटलं, दोन दिवस राहू दे की. तर म्हणाला, तुला काय करायचंय. मी धुवून, वाळवून दिला. आंबेनळी घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात करपलेल्या गवताचा वास होता. माझ्या मनात आलं की देवळापाशी हा आता काहीतरी करणार, खांदा पुढे करणार आणि पडणार. मी मामीला सांगून ठेवलं की तू डावीकडे उभी राहा.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. ढोल वाजत होते. पालखी सजवून चौरंगावर ठेवलेली, दांडा लांब, दोन्ही बाजूंना निघालेला. वसंत कमरेला उपरणं बांधून तयार होता, आणि मामाला बघून ओशाळला. "काका, टेन्शन नाय लेनेका, तुमच्या आशीर्वादानंच उचलतो," म्हणाला. मामानं त्याच्या खांद्यांकडे बघितलं. मग पाय ओढत पुढे गेला, थेट दांड्यापाशी. मी आणि मामी एकदम पुढे सरकलो. त्याने उजवा हात वर केला. ढोल थांबले.

"दांडा पुसल्याबिगर खांदा लावायचा नसतो," मामा म्हणाला. "पैला मान पुसायचा. तो आमच्या घरचा. खांद्याचा मान मागचा, तो मी वसंताला दिला."

कुणालाच काही कळेना. मामानं कमरेचा नॅपकिन काढला, माझ्या स्वयंपाकघरातला, कोपऱ्यात हळदीचा डाग असलेला. दांड्याच्या टोकाशी उभा राहिला, डावा पंजा नॅपकिनवर ठेवला, डाव्यावर उजवा. आणि कमरेतून पुढे गेला. कोपर सरळ झालं, खांदा पुढे आला, नॅपकिन दांड्यावरून सरकत सरकत पालखीच्या कडेपर्यंत गेला. दुखेल तिथे थांबला. मागे आला. पुन्हा गेला. सगळ्या गावासमोर, भर उजेडात, पडदा न ओढता.

गुरव त्याच्याहून वयाने मोठे. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, कारण जुनी रीत सांगायची तर त्यांनीच. गुरवांनी जन्मात कधी दांडा पुसलेला बघितला नव्हता, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी बराच वेळ मामाच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "हा. जुन्या लोकांत होता तसा." आणि मग काय, आणखी दोघाचौघांना आठवलं. एकाला आपल्या आज्यानं सांगितलेलं आठवलं. आमचा भाग असा आहे, सोयीचं असलं की सगळ्यांना आठवतं. ज्याने आयुष्यात ताट उचललं नाही त्या माणसाने पुसण्याला गावातला पहिला मान करून टाकला, आणि पाऊण वाडीने हात जोडले. एवढा निगरगट्टपणा मी पुन्हा बघितला नाही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. मामी मात्र नुसती बघत होती. तिने नवऱ्याला पुसताना पहिल्यांदाच बघितलं होतं.

पुढच्या शिमग्याला दांडा पुसायच्या आधी तेलाची वाटी कुणी धरायची यावरून दोन घरांत बोलाचाली झाली. त्यानंतरच्या वर्षी पुसायला नवं रेशमी वस्त्र आणलं कुणीतरी मुंबईहून. मामानं ते बाजूला सारलं आणि माझा नॅपकिनच काढला. जुन्या रीतीत सुतीच लागतं, म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने डोळा मारला. तेही त्याला आता जमायला लागलं होतं.

तो गेला त्या थंडीत. दुसऱ्यांदा वारं गेलं, या वेळी कुणाला गाडी बोलवायला वेळ मिळाला नाही. बाई दहाव्याला आल्या होत्या, वाडीपर्यंत चढून. मामीनं त्यांना त्याचे दोन सदरे दाखवले, शेवटपर्यंत स्वतः घालत होता म्हणून.

शिमगा जवळ आला तसा वसंताचा फोन आला. "ताई, दांडा कोन पुसनार?" घराण्याचा मान, घराण्यातला माणूस हवा. मी म्हटलं, मामीला विचारा. त्यांनी विचारलं होतं. मामी म्हणाली होती, आख्खा जन्म पुसत आले, आता पालखी पन मीच पुसू? वाडीने मग बैठक घेतली. भाची चालेल का, बाईमाणूस चालेल का, यावर बराच खल झाला, आणि शेवटी निवाडा झाला तो मामाच्याच शब्दावर. तलाठ्याने आठवण काढली की मामा नेहमी सांगायचा, उचलनं बाप्यांचं, पुसनं बायकांचं. एवढा जाणता माणूस उगाच बोलेल का? माझ्या नावावर एकमत झालं. हे ऐकून मी फोनवर इतकी हसले की वसंताला वाटलं मी रडतेय, आणि तो समजूत काढायला लागला.

मी खरं सांगू शकले असते, की हे सगळं थोतांड आहे, एका आळशी माणसाने आपली लाज झाकायला एका सकाळी रचलेलं, आणि तो तुमचा पवित्र सुती कपडा माझ्या जेवणाच्या टेबलावरचा आहे. सांगितलं नाही. दर शिमग्याला रजा टाकते आणि जाते. ढोल थांबतात, मी दांड्याच्या टोकाशी उभी राहते, डावा पंजा खाली, उजवा वर. बाईंनी त्याला शिकवलेलं माझ्या अंगातच बसलं आहे. हात ओढायचा नाही, अंग पुढे न्यायचं. पालखीच्या कडेपर्यंत गेले की तंबाखूचा वास येतो. तिथे तंबाखू खाणारे पुष्कळ आहेत, त्यातल्याच कुणाचा असेल.

पुसून झालं की मी बाजूला होते आणि वसंत पुढे येतो. तेव्हा माझी नजर त्याच्या तोंडाकडे जात नाही. उतरतेच आहेत रे मामा, त्याचे खांदे. पण दुसरं कोण आहे आपल्याकडे? मी गुरवांकडे बघून मान हलवते. द्या.